दुखणं नागपूरला, पोरगं जबलपूरला

बालाघाटच्या मराठी घरांतली एक रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली गंमत आता कुणाला जाणवतही नाही. घरात मोठं दुखणं आलं की आपण गोंदियावरून नागपूर गाठतो. सून बाळंतपणाला अडली तर गोंदिया, म्हाताऱ्यांचं हृदय नागपूर, डोळ्यांचं ऑपरेशनही तिकडेच. पण त्याच घरातल्या पोराला डॉक्टर व्हायचं असलं, की तोंड फिरवायचं आणि उत्तरेला जबलपूरची वाट धरायची. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "दुखणं नागपूरला अन् पोरगं जबलपूरला." त्या हसत म्हणायच्या, पण त्यात आपल्या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सविस्तर लिहिते.

मी या जिल्ह्यातल्या सरकारी हायर सेकंडरी शाळांमध्ये बायोलॉजी शिकवून 2019 साली निवृत्त झाले. त्यामुळे "बायो घेऊन पुढे काय?" हा प्रश्न मी जितक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकला, तितका गावात दुसऱ्या कुणी ऐकला नसेल. त्याचं उत्तर दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत गेलं. पोरं तीच, वैनगंगेचं पाणी तेच, फक्त दारं सरकत गेली. काही बाजूला सरकली, काही वर गेली.

सुरुवात नागपूरपासून करावी लागते, कारण तेव्हा आपलं सगळंच नागपूर होतं. 1867 साली भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला गेला आणि तो मध्य प्रांतात, नागपूरच्या छायेत राहिला. पण त्या काळात खुद्द नागपूरच्या पोराला डॉक्टरकी शिकायची तर नागपूर सोडावं लागे. डॉ. मुंजे मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, डॉ. ना. भा. खरे लाहोरला, डॉ. हेडगेवार कलकत्त्याला. ही नावं आपल्याला राजकारणामुळे ठाऊक आहेत. ते राजकारण बाजूला ठेवून फक्त गावं बघा. एका शहरातले तीन डॉक्टर आणि शिक्षणाची तीन टोकं! नागपूरच्या सधन घराची ही स्थिती, तर बालाघाट-वारासिवनीच्या शेतकऱ्याच्या पोराने कशाची आशा धरायची?

1914 साली नागपूरला मेयो हॉस्पिटलच्या जोडीने रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झालं. चीफ कमिशनर बेंजामिन रॉबर्टसन यांचं नाव त्याला दिलं होतं. नाव नीट वाचा, 'कॉलेज' नाही, 'स्कूल'. मॅट्रिक झालेल्या पोराने तिथे जायचं, चार वर्षं शिकायचं आणि एलएमपी होऊन बाहेर पडायचं. एलएमपी म्हणजे परवानाधारक डॉक्टर. एमबीबीएसच्या मानाने पायरी खालची, पण नाडी बघायला, औषध द्यायला, जखम शिवायला पुरता तयार.

माझ्या सासऱ्यांचे थोरले काका असेच एलएमपी. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांच्या दवाखान्यातली कपाटं आमच्या घरात पुष्कळ वर्षं होती. एकात मिक्श्चरच्या बाटल्या. बाटलीच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिला कात्रीने खाचे पाडलेले. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही औषध बरोबर घेता यायचं. सासरे सांगायचे की पावसाळा संपला की बैहरकडून थंडीतापाच्या रोग्यांच्या बैलगाड्या यायच्या आणि काका कुनैनची कडू बाटली हातात देऊन रोग्याला समोरच पहिला डोस प्यायला लावायचे. घरी नेऊन तो ओतून देईल, ही खात्री! हा माणूस मॅट्रिकनंतर चार वर्षांत डॉक्टर होऊन आपल्याच मुलखात परत आला होता. ही गोष्ट मला त्या कपाटांपेक्षा मोठी वाटते.

मग 1946 साली भोर समितीचा अहवाल आला. देशात तेव्हा सुमारे 47,500 डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ 30,000 असे एलएमपीच होते. 6,300 लोकांमागे एक डॉक्टर आणि 43,000 लोकांमागे एक नर्स. समितीने म्हटलं की आता डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, म्हणजे पदवीधर. ही खालची पायरी बंद करा. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, खेड्यांकडे जाणारा डॉक्टर मग कोण, असा त्यांचा मुद्दा. पण निर्णय झाला तो झाला. 1947 मध्ये नागपूरला मेडिकल कॉलेज आलं आणि रॉबर्टसन शाळेची जागा त्याने घेतली. दर्जाच्या बाजूने निर्णय बरोबर असेलही. पण बालाघाटच्या मॅट्रिक पास पोरासाठी एक दार त्या दिवशी बंद झालं आणि त्याच्या बदल्यात दुसरं कुणी उघडलं नाही. याबद्दल आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुणी एक ओळ लिहीत नाही, याचं मला नवल वाटतं.

नागपूरचं कॉलेज निदान आपलं होतं. 1950 पासून आपल्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं तरी राजधानी नागपूरच होती. आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. नऊ वर्षं बालाघाटचं पोर स्वतःच्या राज्याच्या राजधानीत मेडिकलला जाऊ शकत होतं, तेही घरच्या भाषेच्या गावात. मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट, सिवनी, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ. आपले नातेवाईक भंडाऱ्यात आणि आपण इकडे. नागपूरच्या मेडिकलच्या जागा आता दुसऱ्या राज्याच्या झाल्या. नशिबाने जबलपूरला 1955 मध्येच मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. तिथूनच तोंड फिरवण्याची रीत सुरू झाली.

जबलपूरची वाट म्हणजे छोटी लाइन. नैनपूरवरून जाणारी ती नॅरोगेज 2015 पर्यंत होती, तेव्हा तिच्याविषयी मी वेगळं सांगायला नको. आपण सगळ्यांनीच तिच्यात डबे उघडून जेवणं केली आहेत. पोराला पोचवायला गेलेला बाप दुसऱ्या दिवशी परतायचा. आणि हॉस्टेलमध्ये पोर घरी मराठी, शाळेत हिंदी आणि आता पुस्तकात इंग्रजी, अशा तिसऱ्या भाषेत बुडायचं. हिंदीतल्या एमबीबीएसची पुस्तकं भोपाळला निघाली ती 16 ऑक्टोबर 2022 ला. तोपर्यंत आमच्या पोरांच्या तीन पिढ्या शब्दकोश उशाशी घेऊन झोपल्या.

पण सगळेच डॉक्टर व्हायला निघाले नव्हते. पन्नास-साठच्या दशकात मिडल किंवा मॅट्रिक झालेल्यांसाठी दोन वाटा होत्या, आणि त्या घरांच्या आठवणीत फार कमी जपल्या गेल्या आहेत. एक मलेरियाची. 1953 साली मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1958 साली तो निर्मूलनाचा झाला. डीडीटीचे फवारे मारणारे आणि घरोघर फिरून तापाच्या रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेणारे लोक यात हवे होते. भिंतीवर तारखा लिहून जाणारा 'मलेरियावाला' म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच आळीतला मॅट्रिक झालेला मुलगा असायचा. आपल्या जिल्ह्यात, बैहरच्या जंगलात, हे काम म्हणजे चैन नव्हती.

दुसरी वाट मुलींची. 1951 पासून देशात एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. सुरुवातीला त्याला सातवी-आठवी झालेली मुलगी चालायची. आमच्या आतेसासूबाई मिडल पास होऊन त्यात गेल्या. घरात केवढा गहजब! पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने हिंदू मुली आणि विधवांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं त्याला तेव्हा चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण ते वारं सातपुड्यापर्यंत पोचायला वेळ लागला. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुणाच्याही घरी रात्री-अपरात्री बाळंतपणाला जायचं, मग हिच्याशी लग्न कोण करणार? सासरे सांगायचे की कित्येक वर्षं पाहुण्यांना "ती सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगितलं जायचं. नर्स हा शब्द घरात उच्चारला जात नसे. त्यांची पहिली नेमणूक लांजी भागात. सायकल शिकल्या, पदर कमरेला खोचून. पुढे त्याच घरातल्या चार सुनांची बाळंतपणं त्यांनीच केली आणि मग मात्र "आमच्या आत्या नर्स आहेत" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आलं. मला त्या आत्या लाभल्या, त्या निवृत्त झाल्यानंतर. वर्गात शिकवण्यासारखं मी कॉलेजात जितकं शिकले त्याहून जास्त त्यांच्या ओसरीवर शिकले. नाडी कशी धरावी, ताप थर्मामीटरशिवाय कसा ओळखावा, जुलाब झालेल्या मुलाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ कसं द्यावं. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात करून घ्यायचे. अभ्यासक्रमात नव्हतं.

1977 च्या सुमारास एएनएमचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला आणि त्याला दहावी लागू लागली. आज त्याला बारावी लागते. जीएनएमलाही बारावी. फार्मसी डिप्लोमाला बारावी विज्ञान. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी. दारं वर सरकली म्हणाले ती अशी. प्रत्येक दार वर सरकण्याला चांगलं कारण होतं, नाही असं नाही. सुई टोचणाऱ्या माणसाला शरीर कळलंच पाहिजे. पण शाळेने मुलांना त्या उंचीपर्यंत चढवायचं काम मात्र त्या प्रमाणात वाढवलं नाही.

मी स्वतः शिकवू लागले ऐंशीच्या दशकात, तेव्हा बायोचा वर्ग म्हणजे पीएमटीचा वर्ग. मध्य प्रदेशात पीएमटीचं मंडळ 1970 साली झालं आणि 1982 मध्ये व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे पुढे बदनाम झालेलं व्यापम. राज्यात सहा सरकारी मेडिकल कॉलेजं: ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, जबलपूर, रीवा, रायपूर. त्या सहांच्या जागांसाठी झाबुआपासून बस्तरपर्यंतची पोरं. आमच्या वर्गातून एखाद्या वर्षी एखादा लागायचा. त्याच्या घरी पेढे, शाळेत हार. बाकीच्यांचं काय? मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक टाचण्यांनी ताणून मी त्यांना हृदयाचे कप्पे दाखवले होते. त्यांचे हात स्थिर होते, डोळे चांगले होते. पण वर्गात, घरात, गावात एकच शब्द फिरायचा, 'डॉक्टर'. नाही झाला तर 'राहिला'. "बायो घेतली होती पण राहिला." त्या राहिलेल्यांत मला उत्तम लॅब टेक्निशियन दिसायचे, उत्तम नर्स दिसायच्या. त्यांना ती नावंच कुणी सांगितली नव्हती. त्यातले कितीतरी औषध कंपन्यांची बॅग घेऊन फिरले, काही मास्तर झाले, काहींनी धानाची शेती बघितली.

मग पुन्हा 1 नोव्हेंबर आला, या वेळी 2000 चा. छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर तिकडे गेलं. आमच्यासाठी रायपूर लांब नव्हतं, गोंदियावरून सरळ गाडी. 1956 ला नागपूर गेलं, 2000 ला रायपूर. एकाच तारखेला चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने बालाघाटच्या हातून दोन कॉलेजं निसटली आणि दोन्ही वेळा आपण जागचे हललो नव्हतो!

व्यापमचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 2013 ला ते उघडकीला आलं आणि फेब्रुवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 634 जणांचे प्रवेश रद्दच ठेवले. मला त्या 634 पेक्षा त्यांच्यामुळे बाहेर राहिलेली पोरं आठवतात. त्यांची यादी कुणी छापली नाही.

2016 पासून नीट आली, आणि त्याच वर्षी गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आपल्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी दूध टाकून जाऊन दुपारी जेवायला घरी येता येईल इतकं जवळ. आपले रोगी तिथे जातातच. पण 85 टक्के जागा महाराष्ट्राच्या, आणि त्यासाठी महाराष्ट्राचा रहिवास हवा, दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच हवी. आपल्या पोराला तिथे फक्त देशभराच्या 15 टक्क्यांतून शिरता येतं. कुणी म्हणेल, सीमाभागाला सवलत असते ना? असते, पण ती कर्नाटकातल्या वादग्रस्त 865 मराठी गावांसाठी. बेळगाव-निपाणीच्या मुलांना ती मिळते याचा मला आनंदच आहे. आपल्याकडे वादच झाला नाही. आपण शांतपणे इकडे राहिलो, म्हणून सवलतही नाही. अकरावीला पोराला नागपूरला ठेवून 'तिकडची सीट' मिळेल अशा भरवशावर बसलेल्या घरांनी हे आधी तपासावं. दहावी इकडची असली की गाडी तिथेच अडते.

इकडच्या बाजूला थोडं उजाडलं आहे, तेही सांगायला हवं. छिंदवाड्याला 2019 मध्ये आणि सिवनीला 2024 मध्ये सरकारी कॉलेज आलं. 2023 पासून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी एमबीबीएसच्या 5 टक्के जागा राखीव आहेत. हा नियम निघाला त्या दिवशी मी निवृत्त होते, तरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून सांगितलं, "मॅडम, आता आपल्या टाटपट्टीलाही किंमत आली."

पण मला खरं कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे, जिच्याकडे आपली घरं नाक मुरडून बघतात. ती म्हणजे सरकारी शाळांमधला नववी ते बारावीचा हेल्थ केअरचा व्यावसायिक विषय. त्याची पुस्तकं भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने तयार केली. ही एनसीईआरटीची संस्था 1993 पासून तिथे आहे. मी निवृत्तीच्या आधी एका शाळेत हा वर्ग पाहिला. एक खाट, एक चादर, एक बीपीचं मशीन, एक पुतळा. रोगी खाटेवर असताना चादर कशी बदलायची, त्याला कुशीवर कसं वळवायचं म्हणजे पाठीला जखम होणार नाही, हात कसे धुवायचे, नाडी आणि श्वास कसे मोजायचे, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. मी मागच्या बाकावर बसून बघत होते आणि मला आत्यांची ओसरी आठवत होती. जे आम्ही चोरून शिकवत होतो ते आता वेळापत्रकात आलं होतं!

त्यात उणं पुष्कळ आहे. शिकवणारे कंत्राटावर, एजन्सीमार्फत. मुलं दवाखान्यात कमी, वहीत जास्त. आणि पालकांची एकच हाक: "मॅडम, पोरीला आया बनवता का?" मी त्यांना उत्तर द्यायचे की तुमच्या आईला नागपूरच्या दवाखान्यात ज्या मुलीने तीन रात्री उठवून-बसवून केलं, तिला तुम्ही 'सिस्टर' म्हणून हाक मारली होती, आया म्हणून नाही. यावर काही जण गप्प बसायचे, काही पोरीला दुसऱ्या शाळेत घालायचे.

पण एक खबरदारी घ्या. या विषयाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पुढचं सगळं उघडलं असं नाही. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला जाणार असेल तर अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो सोडू नका. आणि खाजगी कॉलेजात फी भरण्याआधी त्याच्या मान्यतेचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, त्यात 66 कॉलेजं अपात्र निघाली. 2024 च्या मे महिन्यात तर सीबीआयने तपासातल्या आपल्याच अधिकाऱ्याला लाच घेताना पकडलं. या गोंधळात परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. आमच्या शेजारची मुलगी अशाच एका कॉलेजात अडकली होती. तीन वर्षांचा कोर्स, पण तिसरं वर्ष संपलं तेव्हा हातात पहिल्या वर्षाचीही मार्कशीट नव्हती. बापाने दोन एकर धान विकून फी भरली होती. पोरगी शेवटी निघाली पार, पण त्या घराने भोगलं ते मी पाहिलं आहे.

2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,021 स्त्रिया निघाल्या, साऱ्या मध्य प्रदेशात सगळ्यात जास्त. मुलींना जगू देणारा आणि शाळेत घालणारा हा मुलूख आहे. तरी कमी शिकलेल्या बाईसाठी आरोग्य खात्यात आज उरलेलं दार म्हणजे 2005 पासूनचं आशा कार्यकर्तीचं. तिथे पगार नाही, मानधन आहे. आत्यांना मिडल पासवर सरकारी नोकरी आणि पेन्शन मिळालं होतं.

मंडळी, आता एक काम. तुमच्यापैकी कुणाच्या घरी रॉबर्टसन मेडिकल स्कूलचं प्रमाणपत्र, वर्गाचा फोटो, जुना दवाखान्याचा रजिस्टर किंवा एखाद्या आत्या-मावशीचं एएनएमचं ओळखपत्र असेल तर त्याचा फोटो इथे टाका. खाली नाव नका घालू चालेल, पण साल आणि गाव लिहा. आमच्याकडची ती खाचेवाली बाटली मागच्या घराच्या डागडुजीत फुटली, पट्टी मात्र मी वहीत चिकटवून ठेवली आहे. तिचा फोटो पहिल्या कॉमेंटमध्ये टाकते.